कोजागिरी ते तुळशीचं लग्न: पानं राखायचे दिवस

सप्रेम नमस्कार ताई,

मी सिंहगड रोडला राहतो, वय ६३. निवृत्तीनंतर गच्चीवर सोळा-सतरा कुंड्यांची बाग केली. गवती चहा, कढीपत्ता, पुदिना, ओव्याची पानं, हळद आणि मुलीच्या हट्टापायी परदेशी बेझिल. पावसाळ्यात हे सगळं इतकं फोफावतं की शेजारीपाजारी वाटूनही उरतं. आणि डिसेंबर-जानेवारीत नेमकं हवं असतं तेव्हा गवती चहाची टोकं वाळलेली, कढीपत्ता पिवळा पडलेला. आईचं वय ८६. थंडीत आलं-गवती चहा घातलेला कप हातात आल्याशिवाय तिची सकाळ सुरू होत नाही.

म्हणून गेल्या वर्षी गणपतीच्या आधी उघडीप मिळाली तेव्हा सगळं कापलं, दिवसभर गच्चीत उन्हात वाळवलं आणि संध्याकाळी डब्यांत भरलं. दिवाळीत डबे उघडले तर गवती चहाला बुरशी, पुदिना काळा, कढीपत्त्याला गवतासारखा वास. बुरशी वरवर काढून उरलेलं वापरलं तर चालतं का? बेझिल आणि लसूण तेलात बुडवून एक बरणी ओट्यावर ठेवली होती, ती मात्र अजून छान दिसते आहे. ती आता वापरायला काढू का? यंदा काय करावं? फ्रीझर चांगला की वाळवण? सौ. म्हणते, फ्रीझर मटारांसाठी आहे, पाल्यासाठी नाही.

– एक वाचक, पुणे

सप्रेम नमस्कार.

आधी ती तेलाची बरणी. कृपा करून ती उघडू नका. वास घेऊन बघू नका, बोटावर घेऊन चाखू तर मुळीच नका. आहे तशी झाकणासकट पिशवीत घाला, पिशवीची गाठ मारा आणि आजच्या आज कचऱ्यात द्या. ‘छान दिसते आहे’ हे वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि लगेच लिहायला बसले.

कारण असं आहे. लसूण मातीत वाढतो आणि मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. एरवी ते आपल्याला काही करत नाहीत. पण ओला लसूण किंवा ओली पानं तेलात बुडवली की त्यांना हवा मिळत नाही, आंबटपणा नसतो, ओट्यावरची ऊब असते, आणि नेमकी हीच परिस्थिती त्या जिवाणूला वाढायला लागते. तो जे विष तयार करतो त्याला वास नसतो, चव नसते, तेलाचा रंग बदलतोच असंही नाही. ते थेट मज्जातंतूंवर जातं. लसूण आधी उकळून घेतला तरी बीजाणू मरत नाहीत. त्यांना १२१ अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि साध्या उकळत्या पाण्याचं तापमान १०० च्या वर जात नाही.

तुम्ही म्हणाल, मग आपलं लोणचं वर्षभर तेलातच असतं ना? असतं. पण लोणच्यात कैरीचा नाहीतर लिंबाचा आंबटपणा असतो आणि मीठ भरपूर असतं. त्या दोघांमुळे लोणचं टिकतं, वरचं तेल फक्त झाकण घालतं. बेझिल-लसणाच्या तेलात यातलं काहीच नाही. मीही पूर्वी लसणाचं तेल करून ओट्यावर ठेवलं होतं आणि आठवडाभर घरातल्या सगळ्यांच्या पानात वाढलं होतं. नंतर हे वाचनात आलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून असं तेल हवं असेल तर मी वाटीभरच करते, फ्रीजमध्ये ठेवते आणि तीन-चार दिवसांत संपवते. जास्त झालं तर सरळ फ्रीझरमध्ये.

बुरशी आलेला गवती चहाही टाकून द्या. डोळ्याला दिसते ती बुरशीची फक्त वरची बाजू असते, तिचे तंतू आत पसरलेले असतात. काही बुरश्या विषारी द्रव्यंही सोडतात आणि ती उकळल्याने जात नाहीत. ८६ वर्षांच्या आईंच्या कपात ते जायला नको.

आता तुमचं कुठे चुकलं ते सांगते. हात चांगलाच आहे तुमचा, नाहीतर सोळा-सतरा कुंड्यांत एवढं उगवलं नसतं. चुकला तो मुहूर्त. गणपतीच्या आधी पुण्याची हवा ८० टक्क्यांच्या पुढे ओली असते. एखादा दिवस लख्ख ऊन पडलं तरी संध्याकाळी तीच ओल परत येते आणि वाळत आलेलं पान ती शोषून घेतं. तुम्ही नेमकी संध्याकाळी पानं डब्यात भरलीत, तीही उन्हाची ऊब असताना. झाकण लावलं की उबेची वाफ होते, वाफेचं पाणी होतं, आणि बुरशीला एवढं पुरतं.

आपल्याकडे पानं राखायचा खरा काळ कोजागिरी ते तुळशीचं लग्न. पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पूर्वार्धात माघारी जातो, हवा कोरडी होते, ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो. झाडांवर पावसात वाढलेला पाला अजून ताजा असतो आणि थंडीने त्यांची वाढ मंदावलेली नसते. महिनाभराची ही खिडकी आहे. मध्ये दिवाळीचा फराळ येतो, त्यामुळे प्रत्यक्षात तीनच आठवडे धरून चला.

दुसरं, ही पानं कडक उन्हात वाळवायची नसतात. यांची सगळी पुण्याई त्यांच्या सुगंधी तेलात आहे आणि ते तेल उन्हात उडून जातं. हिरवा रंगही जातो. तुमच्या कढीपत्त्याला गवताचा वास आला तो यामुळेच. वास गेला, गवत राहिलं.

गवती चहापासून सुरुवात करा, कारण आईंना तो हवा आहे आणि तो वाळवून उत्तम टिकतो. त्याचा लिंबासारखा वास सिट्राल या द्रव्याचा असतो आणि सावलीत वाळवलं तर तो बराचसा राहतो. सकाळी दव सुकल्यावर, ऊन चढायच्या आत कापा. जमिनीपासून वीतभर ठेवून वरचं घ्या, म्हणजे गड्डा पुन्हा फुटेल. हातात सुती मोजे घाला, या पात्यांची कड ब्लेडसारखी कापते. पाती धुवा, झटका, पंचावर पसरून पुसून घ्या आणि कात्रीने दोन-दोन इंचांचे तुकडे करा.

मग घरात, सावलीत, पंख्याखाली जुन्या धुवट सुती कापडावर एका थरात पसरा. वर्तमानपत्रावर नको, शाई लागते. माझ्याकडे मागच्या खोलीतल्या पलंगावर हे वाळवण असतं. पहिल्या दिवशी सगळी खोली लिंबाच्या सालीसारख्या वासाने भरून जाते. दुसऱ्या दिवशी पात्याच्या कडा आत वळून नळी होते आणि हाताला सगळं वाळल्यासारखं लागतं. इथेच फसायला होतं. एक तुकडा उचला आणि मधली शीर अंगठ्याच्या नखाने दाबून बघा. पातं कुरकुरीत झालेलं असतं, पण शीर अजून वाकते, मोडत नाही. तिच्यात पाणी असतं. बुरशी तिथूनच सुरू होते. शीर कट् आवाज करून मोडेपर्यंत थांबा. ऑक्टोबरात याला चार-पाच दिवस लागतात, जाडसर बुडख्यांना एखादा दिवस जास्त.

त्यानंतरही लगेच डबा भरून कपाटात ढकलायचा नाही. पानं पूर्ण गार होऊ द्या, स्वच्छ कोरड्या काचेच्या बरणीत भरा, झाकण लावा आणि बरणी रात्रभर ओट्यावर ठेवा. सकाळी उठून काच बघा. आतून जरासुद्धा धुकं धरलं असेल, बोट फिरवल्यावर रेघ उठत असेल, तर पानं परत कापडावर. काच कोरडी असेल तर पुढचे चार-पाच दिवस रोज एकदा बघून बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवा. गेल्या वर्षी तुम्ही ही एक रात्र थांबला असता तर डबा वाचला असता. स्टीलचा डबा चांगलाच, पण त्यातून आतलं धुकं दिसत नाही, म्हणून पहिला आठवडा काच.

पानं भरताना चुरा करू नका. मोडली की तेल उडायला लागतं. कपात टाकताना हाताने चुरडा.

एक मनाची तयारी करून ठेवा. टोपलीभर पाला वाळून मूठभर होतो. पुदिन्यासारख्या पानात पाणीच इतकं असतं की १०० ग्रॅमचे जेमतेम १५ ग्रॅम उरतात. पण ओलं तीन चमचे लागत असेल तिथे वाळलेलं एक चमचा पुरतं, त्यामुळे हिशेब बरोबर बसतो.

पुदिनाही याच रीतीने वाळतो आणि चांगला वाळतो. देठावरून पानं खुडून घ्या, फुलं यायच्या आत कापा, कारण फुलोरा आला की पानातला वास उतरतो. दोन-तीन दिवस लागतात. तुमचा काळा पडला तो ऊन आणि ओल या दोन्हींमुळे. वाळलेला पुदिना ताकात, कोशिंबिरीत, भेळेवर सुरेख लागतो. चटणीसाठी मात्र वाळलेला उपयोगाचा नाही, तिला ओलाच हवा. थोड्या पाण्यात आणि लिंबाच्या रसात वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये लावून ठेवा.

कढीपत्ता. इथे मी अनेकांशी भांडते. लोक हौसेने वाळवतात आणि मग म्हणतात फोडणीला वासच येत नाही. येणार कुठून? कढीपत्त्याचा वास वाळण्यात बहुतेक निघून जातो. त्याची जागा फ्रीझरमध्येच. टहाळ्या धुऊन पूर्ण कोरड्या करा, अगदी पाण्याचा थेंब राहू देऊ नका, पानं ओरबाडून पिशवीत सैल भरा आणि ठेवून द्या. चार-पाच महिने बिनघोर राहतो. वापरताना पिशवी ओट्यावर ठेवून पानं वितळू द्यायची नाहीत. वितळलं की पान काळं, मऊ, ओलं फडकं होतं. पिशवी उघडायची, हवी तेवढी पानं चिमटीत घ्यायची आणि गोठलेलीच तापल्या तेलात टाकायची. जरा लांबून टाका, बर्फाचा कण तेलात तडतडतो. वास ताज्याच्या इतका जवळ जातो की आमच्याकडे पाहुण्यांना फरक कळलेला नाही.

तरीही कढीपत्ता उरला तर चटणी करा. पानं कढईत मंद आचेवर थेंबभर तेलात कुरकुरीत परतायची, तीळ, सुकं खोबरं, लाल मिरची, जिरं, मीठ, चिंचेचा एखादा कोरडा तुकडा. सगळं वेगवेगळं भाजून, गार करून मगच वाटायचं. महिनाभर टिकते आणि भाकरीबरोबर ती संपते कधी ते कळत नाही.

झाडाचं एक सांगते. कढीपत्त्याला थंडी सोसत नाही. आपल्याकडे पाषाण, शिवाजीनगरला रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तुमच्या गच्चीवरही गार वारं असणारच. तो पिवळा पडतो, पानं गाळतो, वाढ थांबवतो. त्याला रोग झालेला नसतो, त्यामुळे घाबरून खत-पाण्याचा मारा करू नका, उलट पाणी कमी करा. ऑक्टोबरात हलक्या हाताने पाला घ्या. जोरात छाटणी करायची ती फेब्रुवारीत, नवा फुटवा येण्याच्या तोंडावर.

बेझिलचं पान फार नाजूक. ते नुसतं फ्रीजमध्ये ठेवलं तरी काळं होतं, थंडीनेच त्याला इजा होते. वाळवलं तर मूळचा गोडसर वास जाऊन लवंगेसारखा काहीतरी उरतो. मुलीला पास्त्यासाठी हवं असेल तर पानं उकळत्या पाण्यात पाच-दहा सेकंद बुडवा, लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, पिळून कोरडी करा, थोड्या तेलात वाटा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये लावा. उकळत्या पाण्यामुळे पान काळं करणारी एन्झाइम्स (पानातली विकरं) निकामी होतात, म्हणून रंग हिरवागार राहतो. लसूण आणि चीज आत्ता घालू नका, ते वापरायच्या दिवशी. आणि हे वाटण ओट्यावर नाही, फ्रीझरमध्येच. का ते वर सांगितलंच आहे. जाता जाता, फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे याच जातीच्या तुळशीचं बी. तेव्हा मुलीला सांगा, हे झाड काही अगदीच परकं नाही.

हळदीच्या पानांचा तुम्ही उल्लेख ओझरता केला आहे, पण ती विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत हळद पिवळी पडून जमिनीत निजते, मग पान मिळत नाही. आत्ता मोठी, न फाटलेली पानं पुसून, मधली जाड शीर पाठीमागून तासून, सुरळी करून पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. माघी गणपतीला मोदक उकडताना चाळणीत खाली एक पान अंथरलं की घरभर श्रावणातला वास येतो.

ओव्याचं पान मात्र काहीच करू नका. ते जाड, रसाळ, पाण्याने भरलेलं. वाळवायला गेलात तर वाळायच्या आधी सडतं, गोठवलं तर लगदा होतं. त्याच्या दोन फांद्या तोडून दुसऱ्या कुंडीत खोचा आणि ती कुंडी खिडकीत आणा. थंडीभर ओल्या पानांची भजी खा.

कोथिंबीर, मेथी, शेपू तुमच्या पत्रात नाहीत, पण हे वाचणारे बरेच जण त्याच खटाटोपात असतात म्हणून लिहिते. थंडीसाठी सगळीच पानं साठवायची गरज पडते ती बर्फ पडतो त्या देशांत. तिथे नोव्हेंबरात बाग मरते. आपल्याकडे त्याच महिन्यात पालेभाज्यांची सुगी सुरू होते. मंडईत कोथिंबिरीच्या जुड्या डिसेंबरात मातीमोल होतात आणि मे-जूनमध्ये त्याच जुडीला हात लावायला भीती वाटते. तेव्हा कोथिंबीर थंडीसाठी राखायची नसते, थंडीत पेरायची असते आणि उन्हाळ्यासाठी राखायची असते. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, पसरट कुंडीत पेरा. दहाएक दिवसांत कोंब दिसतात. दर पंधरा दिवसांनी एक कुंडी पेरत गेलात तर होळीपर्यंत तुटवडा नाही. जानेवारीत जास्त झाली की चिरून गोठवा. वाळवू नका, वाळलेली कोथिंबीर म्हणजे हिरवा भुसा. मेथीचं उलट आहे. ती वाळून जास्त बोलते. सावलीत कडकडीत वाळवून ठेवली की आमटीत, पराठ्यात चुरडून घालता येते.

आता फ्रीझरची जागा. वहिनींचं म्हणणं बरोबर आहे, जानेवारीत त्या कप्प्यावर मटारांचा हक्क पहिला. म्हणून गवती चहा आणि पुदिना बरणीत जाऊ द्या, आणि फ्रीझरमध्ये फक्त कढीपत्ता, हळदीची पानं आणि बेझिलच्या वड्या. डबे ठेवू नका, सपाट पिशव्या घ्या, हवा दाबून काढा आणि शेल्फवर पुस्तकं लावतात तशा उभ्या लावा. बेझिलच्या वड्या गोठल्या की ट्रेमधून काढून पिशवीत, म्हणजे ट्रे मोकळा होतो. प्रत्येकीवर महिना लिहा, गोठल्यावर हिरवं सगळं सारखंच दिसतं.

ढगाळ दिवस आला आणि पानं अर्धवट वाळली असतील तर मायक्रोवेव्ह चालतो. दोन सुती रुमालांमध्ये मूठभर पानं पसरून ३० सेकंद, उघडून वाफ जाऊ द्या, परत ३० सेकंद. एकदम तीन मिनिटं लावलीत तर जळतात. वासात थोडी तूट येते, पण बुरशीपेक्षा बरं.

कोजागिरी झाली की सगळं एका दिवशी कापायला घेऊ नका. पहिल्या आठवड्यात फक्त गवती चहा. त्याचा अर्धा गड्डा कापा, अर्धा ठेवा, काही बिघडलं तर दुसरी संधी राहील. आणि आईंच्या कपाचं असं करा: पाण्यात आलं ठेचून घाला, उकळी आली की वाळलेल्या पात्यांची चिमूट हातावर चुरडून टाका, गॅस बारीक करा आणि झाकण ठेवा. झाकण विसरू नका, नाहीतर वास स्वयंपाकघरात जातो, कपात येत नाही. दोन-तीन मिनिटांनी चहा पावडर, मग दूध. वाळलेला गवती चहा ओल्यापेक्षा उशिरा उतरतो, म्हणून दुधाच्या आधीचा तो वेळ त्याला द्या. पहिला कप आईंनाच द्या, आणि त्या काय म्हणाल्या ते मला कळवा.